दांतांचा हिशेब : जुनी मोटारसायकल व घाटाचा चढ

नाशिकच्या जुन्या वस्तींत कोणत्याहि वाड्याच्या किंवा सोसायटीच्या आवारांत डोकावून पाहिलें, तर नव्या गाड्यांच्या रांगेंत एखादी तरी शंभर सीसीची जुनी मोटारसायकल उभी असलेली आढळतेच. टाकीचा रंग उडालेला, सीटचें आवरण दोन-तीनदां बदललेलें. पण घरांतील सर्वांचा तिच्यावर सारखाच हक्क. वडिलांनीं ती नोकरींत कायम झाल्यावर घेतलेली असते, धाकटे काका तिच्यावरच गाडी चालविण्यास शिकलेले असतात, आणि आतां पुतण्या कॉलेजास जातांना तीच नेतो. मग एखाद्या रविवारीं घरांतील दोघेजण तिच्यावर बसून वणीच्या गडास निघतात, नांदुरी सोडून घाट लागतो, आणि गाडी मान टाकते. मागून ट्रकचा भोंगा वाजत असतो, पुढें वळण असतें, आणि गाडीचा वेग सायकलीइतका उतरलेला असतो.

अशा प्रसंगानंतर घरांत चर्चा सुरू होते. एकजण म्हणतो, विकून टाका. दुसरा म्हणतो, इंजिन ‘बोअर’ करून घ्या. तिसरा कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या सांगण्यावरून म्हणतो कीं, मागचें स्प्रॉकेट मोठें बसवा, म्हणजे गाडी घोड्यासारखी घाट चढेल. या तिन्ही सल्ल्यांत पैशाचा प्रश्न आहे, आणि मागें बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें पाहिलें तर जिवाचाहि आहे. म्हणून हा विषय केवळ गॅरेजवर न सोपवितां घरांतील कर्त्या माणसांनीं समजून घेण्यासारखा आहे, असें आम्हांस वाटतें. त्यांतील गणित पांचवी-सहावीच्या त्रैराशिकापलीकडचें नाहीं.

ही गाडी आली कोठून

१९८४ ते १९८६ या तीन वर्षांत आपल्या देशांतील मोटारसायकलीचें रूप पालटलें. त्यापूर्वीं रस्त्यावर राज्य होतें तें बुलेट, म्हैसूरची येझदी आणि राजदूत यांचें. १९८४ सालीं इंड-सुझुकी एएक्स १००, १९८५ सालीं हीरो होंडा सीडी १०० व यामाहा आरएक्स १००, आणि १९८६ सालीं कावासाकी बजाज केबी १०० अशा चार गाड्या लागोपाठ बाजारांत आल्या. चारींचें इंजिन शंभर सीसीच्या आसपास, आणि चारींमागें जपानी कारखान्यांचें साहाय्य. बजाज कंपनीचा वाळूज येथील कारखानाहि १९८५ सालचाच. तो ज्या औरंगाबाद शहराजवळ उभा राहिला, त्यास आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात. नाशकांत सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणाऱ्या माणसांस अशी हलकी आणि काटकसरी गाडी फार सोयीची पडली.

या चारींपैकीं सीडी १०० तेवढी चार-स्ट्रोक, म्हणजे इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांस एकदां पेटणारी. बाकीच्या तिन्ही टू-स्ट्रोक, दर फेरीस पेटणाऱ्या. त्यामुळें आकारमान सारखें असूनहि आरएक्स १०० ची शक्ति सुमारें अकरा अश्वशक्ति, तर सीडी १०० ची सात-साडेसात. पुढें चार-स्ट्रोकचा काळ आला, आणि आज घराघरांत जी जुनी शंभर सीसीची गाडी उरली आहे ती बहुधा याच जातीची असते. तिचा गुण पेट्रोल वाचविण्याचा. घाट चढण्याची फाजील शक्ति तिच्यांत पहिल्या दिवसापासूनच नव्हती. ही गोष्ट ध्यानांत ठेवूनच पुढचा विचार केला पाहिजे.

गिअर म्हणजे अदलाबदल

गिअर बदलल्यानें शक्ति वाढत नाहीं. इंजिन जितकी शक्ति देतें तितकीच, किंबहुना चेन व दांत यांच्या घर्षणांत थोडी गमावून, चाकाला मिळते. गिअर फक्त एवढेंच ठरवितो कीं, त्या शक्तीचा किती भाग ओढण्यांत खर्ची घालावयाचा आणि किती धांवण्यांत. ओढ वाढली कीं वेग घटतो, वेग वाढला कीं ओढ घटते. रुपयाची मोड घेतली तर नाणीं पुष्कळ हातीं येतात, पण रुपया एकच राहतो, तसाच हा प्रकार आहे.

नाशिककरांस हें समजावून सांगण्यास दूर जावयास नको. कसाऱ्याहून इगतपुरीस चढणारा थळ घाटांतील लोहमार्ग १८६५ सालीं खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका आहे, आणि तेवढ्या चढासाठीं गाड्यांस मागून जादा इंजिनें लावण्याची रीत आपल्या कित्येक पिढ्यांनीं पाहिली आहे. बैलगाडीस घाटांत जादा बैलजोडी जुंपीत, तेंहि याचसाठीं. मोटारसायकलीस मागून दुसरें इंजिन लावतां येत नाहीं. तिला आहे त्याच बळाचा उपयोग बदलून करावा लागतो.

सायकलीचें उदाहरण तर अधिकच स्पष्ट आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारें ४,८०० किलोमीटरांची सायकलशर्यत दोघांच्या संघानें नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. त्या वाटेवर वाळवंट आहे, तसे डोंगरहि आहेत. चढावर सायकलपटू गिअर हलका करतो, तेव्हां त्याच्या पायांत नवें बळ येत नाहीं. जें बळ आहे तें पायांना झेपेल अशा फेऱ्यांत विभागलें जातें. इंजिनाचेंहि तसेंच आहे. फार मंद फिरावें लागलें तर तें धापा टाकतें, आणि फार जोरानें फिरविलें तर तापून झिजतें.

दांतांचें गणित

मोटारसायकलीच्या गिअरपेटींतून बाहेर येणाऱ्या दांड्यावर एक लहान स्प्रॉकेट असतें आणि मागच्या चाकावर एक मोठें. दोहोंस चेन जोडते. समजा, पुढें १४ दांत व मागें ४२ दांत आहेत. मग पुढचें स्प्रॉकेट तीन वेळां फिरेल तेव्हां मागचें चाक एकदां फिरेल. हें झालें तीनास एक प्रमाण.

आतां पुढचा एक दांत कमी करून १३ चें स्प्रॉकेट बसविलें, तर प्रमाण ३.२३ होतें. ओढ शेंकडा साडेसातांहून किंचित् अधिक वाढली. तोच परिणाम मागें साधावयाचा तर ४२ ऐवजीं ४५ दांतांचें स्प्रॉकेट लागेल. तेथें प्रमाण ३.२१ येतें. म्हणजे पुढचा एक दांत हा मागच्या तीन दांतांच्या तोलाचा. उलट, पुढें १५ दांत केले तर प्रमाण २.८ वर उतरतें, ओढ शेंकडा पावणेसात कमी होते, आणि इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर तोडते.

वेगाचा हिशेब याच्या उलट. १४ दांतांवर इंजिनाच्या ज्या फेऱ्यांस गाडी ताशीं ६० किलोमीटर धांवत होती, त्याच फेऱ्यांस १३ दांतांवर ती सुमारें ५६ धांवेल. ही किंमत मोजल्याशिवाय ओढ मिळत नाहीं.

कित्येकांस वाटतें कीं स्प्रॉकेट बदललें म्हणजे स्पीडोमीटर खोटें बोलूं लागेल. बहुतेक जुन्या शंभर सीसी गाड्यांत स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकावरून निघते. त्यामुळें मागच्या दांतांचा तिच्याशीं संबंध येत नाहीं. पुढच्या टायरचें माप बदललें तर मात्र कांटा चुकतो.

घाट किती शक्ति मागतो

एक उदाहरण सोडवून पाहूं. गाडीचें वजन शंभर किलोच्या आसपास, वर दोन माणसें व एक पिशवी मिळून १३० किलो. एकूण २३० किलो. चढ समजा १५ फुटांस १ फूट. तर निव्वळ चढासाठीं मागच्या चाकास २३० चा पंधरावा हिस्सा, म्हणजे सुमारें १५ किलोंची ओढ सतत लावावी लागेल. ताशीं ४० किलोमीटर वेगानें तो चढ चढावयाचा तर त्यास सवादोन अश्वशक्ति हवी. वाऱ्याचा विरोध आणि टायरचें घर्षण धरलें कीं ही मागणी साडेतीनाच्या जवळ जाते.

वाचक म्हणतील, इंजिन तर सात अश्वशक्तीचें आहे, मग अडचण कोठें? अडचण अशी कीं, या वर्गांतील चार-स्ट्रोक इंजिन आपली पूर्ण शक्ति मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या सुमारास देतें. चौथ्या गिअरमध्यें ताशीं ४० वेगानें तें जेमतेम त्याच्या निम्म्या फेऱ्या घेत असतें, आणि निम्म्या फेऱ्यांस शक्तिहि साधारण निम्मीच मिळते. त्यांतून गिअरपेटी आणि चेन आपला वांटा घेतात. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें १,९०० फूट उंच आहे. येथील हवा शेंकडा पांचाच्या आसपास विरळ, आणि कार्ब्युरेटरच्या इंजिनाची शक्ति त्याच मानानें कमी. सारांश, नव्या गाडीसहि हा चढ चौथ्या गिअरमध्यें ४० नें चढणें कठीण. जुनीचा बोभाटा करण्याचें कारण नाहीं. तिला तिसरा गिअर दिला पाहिजे.

आणि येथेंच एक महत्त्वाची गोष्ट लक्षांत येते. बहुतेक चार गिअरच्या गाड्यांत चौथ्याहून तिसऱ्यावर आलें कीं ओढ पांचव्या ते चौथ्या हिश्श्यानें वाढते. स्प्रॉकेटचा पुढचा एक दांत घटविल्यानें जें मिळतें, त्याच्या जवळजवळ तिप्पट लाभ डाव्या पायाच्या एका हालचालीनें आणि फुकट मिळतो. घाटांत गाडी ओढत नाहीं अशी तक्रार करणाऱ्यांपैकीं कित्येकजण वेळेवर गिअर उतरवीत नाहींत. इंजिन थरथरूं लागल्यावर, वेग गेल्यावर, मग उतरवितात. चढ दिसतांच, इंजिनाच्या फेऱ्या अजून भरपूर असतांनाच एक गिअर खालीं आणावा.

मग स्प्रॉकेट बदलण्याचा उपयोग कोठें? दोन गिअरांच्या मधल्या पोकळींत. कांहीं चढ असे असतात कीं तिसऱ्यावर गाडी दम टाकते आणि दुसऱ्यावर इंजिन किंचाळतें. नेहमींच्या वाटेवर असा चढ असेल, तर एका दांतानें तिसरा गिअर किंचित् हलका होऊन तेथें टिकतो. तसेंच पिशव्या आणि पाठीमागचें माणूस घेऊन चढावर गाडी उभी राहिली, तर पहिल्या गिअरमध्यें निघतांना क्लचवरचा ताण कमी होतो.

आधीं गळती थांबवा

तथापि दांतांस हात लावण्यापूर्वीं गाडीची शक्ति कोठें गळते आहे तें पाहावें. वरील हिशेबांत एका दांताचा लाभ शेंकडा साडेसात, म्हणजे २३० किलोंच्या भारांतून सतरा-अठरा किलो उतरविल्याइतका आहे. आतां मागचा ब्रेक चाकाच्या कडेशीं केवळ दोन किलोंच्या जोरानें घासत आहे असें धरा. १५ फुटांस १ फूट चढावर दोन किलोंची अडवणूक म्हणजे तीस किलोंचा जादा भार! ज्यानें ब्रेक न पाहतां स्प्रॉकेट बदललें, त्यानें अठरा किलो उतरविले आणि तीस किलो तसेच वाहिले.

म्हणून क्रमानें पुढील गोष्टी कराव्या. गाडी मुख्य स्टँडवर उभी करून, न्यूट्रलमध्यें टाकून, मागचें चाक हातानें फिरवावें. तें सहज फिरून हळूहळू थांबलें पाहिजे. खरखर करून लगेच थांबत असेल तर ब्रेकचे लायनर घासतात, किंवा ब्रेकचा कॅम गंजून परत फिरत नाहीं, किंवा बेअरिंग गेलें आहे. पुढच्या चाकाचीहि अशीच परीक्षा घ्यावी. टायरमधील हवा पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें असावी. दोघे बसणार असतील तर मागच्या टायरांत अधिक हवा सांगितलेली असते, आणि तिकडे बहुधा दुर्लक्ष होतें.

नंतर चेन. तिच्या मधोमध बोटानें वर-खालीं करून पाहतां सुमारें २० ते ३० मिलिमीटर खेळ असावा. चाक थोडें थोडें फिरवून तीन-चार ठिकाणीं पाहावें. कारण जुनी चेन एका जागीं सैल तर दुसऱ्या जागीं ताठ असते. फार ताठ चेन शक्ति खाते व गिअरपेटीच्या बेअरिंगाचें नुकसान करते. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागें ओढून पाहावी. अर्धा दांत उघडा पडला तर ती लांबली असें समजावें. दांत आंकड्यासारखे वळले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटें एकदमच बदलावीं. नव्या चेनला जुने दांत किंवा जुन्या चेनला नवे दांत लावणें ही काटकसर नव्हे. एक दुसऱ्यास लवकर खातें.

पुढें क्लच. चढावर एक्सलेटर पिळतांच इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाहीं, तर क्लच घसरतो आहे. अशा स्थितींत किती दांत बदलले तरी व्यर्थ. त्यानंतर एअर फिल्टर, कार्ब्युरेटरची सफाई, प्लग, आणि चार-स्ट्रोक असल्यास व्हॉल्व्हची फट. ही फट मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजावयाची असते. ती पुस्तिकेंतील मापाप्रमाणें, इंजिन थंड असतांना, पट्टीनें मोजूनच ठेवावी, केवळ कानानें नव्हे. टू-स्ट्रोक गाडी असेल तर सायलेन्सर काढून आंतील काजळी साफ करावी. तोंड बुजलेल्या सायलेन्सरनें आरएक्स किंवा राजदूत गाडी अगदीं म्हातारी झाल्यासारखी वागते, आणि साफसफाईनंतर तीच गाडी निराळी भासते.

हें सर्व करूनहि किक मारतांना दाब लागत नसेल, निळा धूर येत असेल आणि ऑइल वरचेवर कमी होत असेल, तर पिस्टन-रिंगा व सिलिंडर झिजले आहेत. अशा इंजिनास दांत बदलून घाटावर नेणें म्हणजे अशक्त माणसास टांच मारण्यासारखें आहे. आधीं इंजिनाचें काम, मग बाकीचें.

पेट्रोलांतील बदल

जुन्या गाडीच्या मालकानें आणखी एक गोष्ट ध्यानीं धरावी. २०२५ सालीं आपल्या देशांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत पोंचलें. इथेनॉलच्या एका लिटरांत पेट्रोलच्या सुमारें दोन तृतीयांश उष्णता असते. नीति आयोगाच्या २०२१ सालच्या आराखड्यांत, शुद्ध पेट्रोलसाठीं बांधलेल्या व दहा टक्के मिश्रणास जुळविलेल्या दुचाकींचें अॅव्हरेज वीस टक्के मिश्रणावर तीन ते चार टक्के घटेल असा अंदाज दिला होता. जुन्या कार्ब्युरेटरला मिश्रण बदललें आहे हें कळत नाहीं. तो पूर्वींइतकेंच इंधन सोडतो, आणि इंजिनास तें विरळ पडतें. प्लग पांढराफटक दिसूं लागला, चढावर गाडी अडखळून तापूं लागली, तर जाणत्या मिस्त्रीकडून मेन जेट एक अंक मोठें बसवून पाहावें. रबरी नळ्या व सील तपासून, चिरा पडल्या असल्यास बदलाव्या. गाडी महिनेच्या महिने उभी राहणार असेल तर टाकींत पेट्रोल ठेवूं नये. इथेनॉल हवेंतील ओल शोषतें, आणि पावसाळ्यांत टाकीच्या तळाशीं पाणी उतरून गंज धरतो.

कोणीं बदलावें, कोणीं बदलूं नये

गळती थांबवूनहि गाडी नेहमींच्या चढावर कमी पडते असें दिसलें, तर दांतांचा विचार करावा. तोहि आपल्या वाटेवरून. पेठ, हरसूल, सुरगाणा या बाजूस ज्यांचें जाणें-येणें असतें, किंवा शहरांत मागें माणूस बसवून सिग्नलोसिग्नलीं थांबत जावें लागतें, त्यांस पुढें एक दांत कमी किंवा मागें दोन-तीन दांत अधिक हा बदल मानवेल. ज्यांचा रोजचा प्रवास ओझर, पिंपळगांव अशा मोकळ्या हमरस्त्याचा आहे, त्यांनीं तो करूं नये. त्यांचें इंजिन सारा दिवस विनाकारण अधिक फेऱ्या घेत राहील, आवाज व कंप वाढतील, आणि पेट्रोलहि अधिक जाईल. अॅव्हरेज वाढेल या आशेनें पुढें एक दांत वाढविणारेहि भेटतात. अशक्त इंजिनास तो भार झेपत नाहीं. चालविणारा वरचेवर एक्सलेटर पिळतो, आणि वांचविलेलें पेट्रोल पुन्हां जळतें.

बदल एका वेळीं एकच आणि लहान असावा. मागें तीन दांत वाढविले तर तीच चेन ठेवण्यासाठीं चाक सुमारें साडेनऊ मिलिमीटर पुढें घ्यावें लागतें. तेवढी जागा आहे ना, तें आधीं पाहावें, आणि मागाहून ब्रेकचा रॉड पुन्हां जुळवून घ्यावा. मोठें स्प्रॉकेट चेनकव्हरला घासत नाहीं ना, हेंहि तपासावें. पुढचें स्प्रॉकेट लहान केलें तर खर्च कमी येतो, परंतु चेन अधिक वांकते व लवकर झिजते. चाक सरळ बसावें म्हणून दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळवाव्या, आणि चेनलॉकच्या क्लिपचें बंद तोंड चेन ज्या दिशेस धांवते त्या दिशेस ठेवावें. उलट बसविलेली क्लिप निघून पडण्याचा संभव असतो. जुनें स्प्रॉकेट टाकून देऊं नये, तेलाचा हात फिरवून कागदांत गुंडाळून ठेवावें.

लाभ झाला कीं नाहीं हें मनाच्या समाधानावर ठरवूं नये. एकच चढ, तींच दोन माणसें, दिवसाची तीच वेळ, तोच गिअर. पायथ्याचा वेग तोच ठेवून माथ्याचा वेग किती राहिला तें बदलापूर्वीं तीनदां आणि बदलानंतर तीनदां वहींत टिपावें. वेगाकडे लक्ष मागें बसणाऱ्यानें द्यावें, चालविणाऱ्यानें नव्हे. त्याच वहींत ऑइल बदलल्याची तारीख, चेनचा खर्च, पेट्रोलचा हिशेब लिहावा. एकत्र कुटुंबांतील गाडीचें खरें दुखणें पुष्कळदां येथेंच असतें. चालविणारे पांच, पण हवा भरणारा एकहि नाहीं. बारा भाईंच्या खेतीसारखी तिची अवस्था होते. घरांतील एका जबाबदार मुलाकडे किंवा मुलीकडे ही वही आणि किल्ली दोन्ही सोपवावीं. निम्मी दुरुस्ती तेवढ्यानेंच होते.

करूं नये त्या गोष्टी

‘बोअर’ करून इंजिनाचें आकारमान वाढविण्याचा मोह टाळावा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांत लिहिलेली व उत्पादकानें ठरवून दिलेली वैशिष्ट्यें बदलतील असे फेरफार करतां येत नाहींत, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं हा अर्थ ठामपणें सांगितला आहे. इंजिनाचें आकारमान नोंदणीपत्रांत लिहिलेलें असतें. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीच्या नोंदणीचें नूतनीकरण पांच-पांच वर्षांसाठीं करावें लागतें. तेव्हां असे फेरफार अंगाशीं येतात. कायदा बाजूस ठेवला, तरी ब्रेक व चॅसिस जुन्याच शक्तीसाठीं बांधलेले आहेत, हें विसरतां येत नाहीं.

एअर फिल्टर काढून टाकणें म्हणजे घाटाची धूळ सिलिंडरांत ओतणें. सायलेन्सर कापल्यानें आवाज वाढतो, आणि आवाज वाढला म्हणजे शक्ति वाढली असा भास होतो, एवढेंच. मोठें स्प्रॉकेट बसत नाहीं म्हणून चेनकव्हर काढणें किंवा साडीगार्ड सोडविणें हें तर कोणीहि करूं नये. मागें बसणाऱ्यासाठीं पकड, पाय ठेवण्याची जागा आणि निम्म्याहून कमी नाहीं इतकें चाक झांकणारें आवरण, हीं केंद्रीय मोटार वाहन नियमांनींच आवश्यक ठरविलीं आहेत. आपल्या घरांतील बायका साडीचा पदर आणि मुलींची ओढणी सांवरून याच गाडीवर बसतात.

उताराचा विचार

घाट चढण्याविषयीं सर्व बोलतात, उतरण्याविषयीं थोडे. पेट्रोल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें घाट उतरण्याची खोड फार घातक आहे. ड्रमब्रेक सतत दाबले कीं तापतात, आणि तापले कीं त्यांची पकड कमी होते. मग ऐन वळणावर ब्रेक दाबून उपयोग होत नाहीं. ज्या गिअरमध्यें घाट चढला त्याच गिअरमध्यें उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीस आवरून धरतें. एक दांत हलका केलेल्या गाडीस हा आधार किंचित् अधिकच मिळतो. आमच्या मतें त्या बदलाचा हा लाभ चढावरच्या लाभाहून कमी मोलाचा नाहीं. हेल्मेट दोघांच्याहि डोक्यावर असावें, हें निराळें सांगावयास नको.

खर्चाचा क्रम शेवटीं असा ठरतो : प्रथम हवा, ब्रेक व चेन, ज्यांस जवळजवळ कांहींच पडत नाहीं, मग सफाई, प्लग, व्हॉल्व्ह, मग गरज उरली तर एक दांत. एवढें करूनहि दोन माणसें घेऊन जुनी गाडी दुसऱ्या गिअरमध्यें घाट धरीत नसेल, तर तिला गांवांतल्या गांवांत, भाजीस, बँकेंत, शाळेंत नेण्यासाठीं सुखानें वागवावी. तीं कामें ती अजून पुष्कळ वर्षें करील. गडावर एस.टी. जाते.